चिमटा लावून फुंकलेली काच

प्रयोगशाळेतली काचेची भांडी हातानं बनवणारे कारागीर आता फारसे उरले नाहीत. आमचे हे त्यांतले एक. दोन्ही हातांनी ज्योतीवर काच फिरवायची आणि तोंडात धरलेल्या रबरी नळीतून फुंकायचं, सत्तावीस वर्षं हेच. कारखान्यात यांना 'भाता' म्हणतात. घरात मात्र तोंडातून अवाक्षर निघेल तर शपथ.

वरची दाढ ठणकत होती. शेवटी मीच धरून नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ काढली आणि बजावलं, पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही, काही फुंकायचं नाही. काम काय करता विचारलं, तर हे म्हणाले, "कारखान्यात असतो." खरं सांगितलं तर रजा घ्यायला लावतील, एवढं बरोबर कळत होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण मुळात शहाणा पाहिजे ना.

चौथ्या दिवशी हे कामावर. पहिल्याच फुंकेला हवा नळीत जायच्या ऐवजी नाकातून बाहेर. दाढेच्या जागचं भोक थेट गालाच्या हाडातल्या पोकळीत उघडलं होतं. घरी पाणी पिताना नाकातून आलं, तर म्हणाले, "ठसका लागला." मी विश्वास ठेवला. त्याचा राग अजून येतो, यांचाही आणि माझाही.

हात काचेत गुंतलेले, मग नाक धरणार कोण? या माणसानं माझ्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा नेला आणि नाकाला लावून तीन आठवडे फुंकलं. बाहेरची वाट बंद, त्यामुळे तोंडातली सगळी घाण त्या पोकळीत. एका सकाळी डोळ्याखालचा गाल टम्म, अंगात ताप, उशीवर पू. तेव्हा कुठे सगळं कबूल केलं.

दवाखान्यात सायनस धुतलं, हिरडी ओढून भोक शिवलं. ते टाके तुटले. दुसऱ्यांदा गालाच्या आतलं मांस घेऊन शिवलं. दोन महिने हे खिडकीपाशी. वाकायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, चहावर फुंकर घालायची नाही. काही बोला तरी म्हटलं की भिंतीकडे तोंड.

शेवटच्या तपासणीला सर्जन म्हणाले, "भोक बुजलंय. पण काच फुंकणं कायमचं बंद. पुन्हा उघडलं तर शिवायला मांस उरलेलं नाही."

"हळू फुंकलं तर?" यांनी विचारलं.

ते नाही म्हणाले.

मालक माणूस बरा. त्यांनी यांना पॅकिंगला घेतलं. मला वाटलं, चला, घराबाहेर तरी पडले. पहिल्या दिवशी यांनी काच कमीजास्त जाडीची आहे म्हणून सहा फ्लास्क परत पाठवले. दुसऱ्या दिवशी मालकांनी सांगितलं, "भाता, तुम्ही फक्त खोक्यात भरा."

संध्याकाळी मी विचारलं, "कसं वाटतंय तिथं?"

"मधे नुसती प्लायवूडची भिंत," हे म्हणाले. "पलीकडे कोणी फुंकायला लागलं की माझे गाल आपोआप भरतात. मग हातानं तोंड दाबून बसतो. दिवसभर."

उद्यापासून जाऊ नका, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण घरी बसून तरी हे काय करणार होते? सकाळी मी डबा भरून दिला.