दुसरी चप्पल कुठं हाय?

शाळेत प्रार्थना सुरू होती आणि सौसरहून मधुकरदादांच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. मी तो उचलला नाही. उचलला तर 'कधी येता, ताई?' हे ऐकावं लागणार होतं... दादांना जाऊन आता दीड महिना झाला.

दादा माझे सख्खे कोणी नव्हते; ते सौसरला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मी पांढुर्ण्यात शिक्षिका, रहस्यकथा लिहिणारी. माझ्या पहिल्या कादंबरीसाठी प्रकाशकानं रक्ताळलेल्या सुऱ्याचं मुखपृष्ठ पाठवलं होतं. मी ते हौसेनं दादांना दाखवायला नेलं. ते म्हणाले, "ताई, सुरा पाहून माणूस भेत नाही. सुरा कोणाचा हाय, हे मालूम नसलं की भेते." मग हस्तलिखित ठेवून घेतलं आणि आठवड्यानं चित्र हाती दिलं. भर दुपारचा संत्र्याचा बगीचा, झाडाला टेकवलेली शिडी, खाली एकच चप्पल. माणूस कुठेच नाही. "यात भीती कुठं आहे, दादा?" मी नाराजीनं विचारलं. प्रकाशकाला मात्र ते चित्र आवडलं.

पुस्तक आल्यावर आम्ही दोघं पांढुर्णा स्टेशनच्या स्टॉलजवळ उभे राहिलो. एका बाईनं पुस्तक उचललं, ठेवलं, दोन पावलं गेली, परत आली. स्टॉलवाल्याला म्हणाली, "भाऊ, दुसरी चप्पल कुठं हाय?" आणि तिनं ते विकत घेतलं. मी आनंदानं दादांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यांना सोडायला मी सौसरच्या बसमध्ये बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं. नऊ वर्षांचे असताना ते रामाकोना गावच्या बगीच्यात वडिलांचा डबा घेऊन गेले होते. शिडी होती, एक चप्पल होती, वडील नव्हते. संध्याकाळपर्यंत ते डबा धरून बसले. वडील कधीच सापडले नाहीत. "आजूनबी भर दुपारी बगीच्यात जायचं भेव वाटते मले," ते म्हणाले. माझ्या पुस्तकाच्या खपाचा आनंद त्या बसमध्येच विरला...

यंदा दादांच्या मानेत गाठ आली. नागपूरहून तपासणीचा लिफाफा आला आणि आठ दिवस तसाच कपाटावर पडून राहिला. वहिनींनी मला बोलावलं. "काहून उघडत नाही, दादा?" मी विचारलं. "बाबाची वाट पाहून राहिलो होतो ना, तसंच वाटून राहिलं," ते म्हणाले. शेवटी मीच फाडला. वाचून दाखवला, कर्करोग होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "चला, मालूम तं झालं. आता भेव नाही, ताई. आता नुसतं दुखते."

त्यानंतरचे तीन महिने, जमेल तेव्हा ते माझ्या नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ रंगवत होते. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायची त्यांची सवय. गेल्या महिन्यात मी सौसरला गेले, तेव्हा ते तसंच उभं होतं. वहिनी म्हणाल्या, "तुमीच पलटवा, ताई. मले हिंमत नाही होऊन राहिली."

मी जवळ गेले, चौकटीला हात लावला. रंग केव्हाच वाळला होता. "पुढच्या रविवारी येते," म्हणून मी निघाले.

मधे तीन रविवार गेले, मी गेले नाही...