लंडनची सिस्टर

चिखलीच्या एसटी स्टँडवर मला सोडायला पप्पा, मम्मी आणि शेजारच्या काकू आल्या होत्या. काकू ऐकत होत्या म्हणून मम्मी मोठ्याने म्हणाली, "अभ्यास कर, बाकी लक्ष देऊ नको कशात." बस हलायच्या आधी ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "नाटकाचं कोणाले सांगू नको." मी लंडनला नाटकच शिकायला चालले होते. स्कॉलरशिप त्याचीच होती.

मी कमी बोलणारी. आमच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत स्टेजवर गेलं की मात्र आवाज यायचा, कारण वाक्यं दुसऱ्याची असायची. लंडनमध्येही तसंच झालं. शिक्षण संपल्यावर पबच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या थिएटरांत कामं केली. कधी कोणाची बहीण, कधी पळून आलेली नवरी. मग एका हॉस्पिटलच्या सीरियलमध्ये नर्सचा रोल मिळाला आणि त्याच कंपनीवर माझा व्हिसा लागला. सीरियल सोडली की देश सोडायचा.

आमचा सेट बघितला तर खरं हॉस्पिटल वाटेल. कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट आहे, तिचं दार उघडतं, आत प्लायवूडची भिंत. आम्ही आत शिरतो, दार बंद होतं, आणि 'कट' ऐकू येईपर्यंत तिथेच एकमेकांना चिकटून उभे राहतो.

पहिल्या वर्षी माझा युनिफॉर्ममधला एक फोटो चिखलीत कोणाच्या तरी मोबाइलवर पोचला. काकूंनी मम्मीला विचारलं, "नर्स झाली का वं पोरगी?" मम्मी "हाव" म्हणाली. नाटकात काम करते म्हटलं की आमच्याकडे लोक पुढचं ऐकत नाहीत, गालातल्या गालात हसतात. नर्स म्हटलं की चहा विचारतात.

त्यानंतर मला व्हॉट्सॲपवर लोकांचे रिपोर्ट यायला लागले. शुगर, थायरॉइड, कोणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, डॉक्टरांना दाखवा. ते म्हणायचे, सिस्टर किती जबाबदारीनं बोलते.

मग जानेफळच्या रंगनाथकाकांच्या घरून फोन आला. हे पप्पांचे चुलत भाऊ. काकांच्या छातीत दुखत होतं आणि काकू त्यांना ओव्याचं पाणी देत होत्या. मी सीरियलमधल्या आवाजात म्हणाले, "काकू, आत्ता गाडी करा आणि मेहकरला दवाखान्यात न्या. मला परत फोन करू नका, आधी निघा." कोणीही हेच सांगितलं असतं. पण त्या आवाजाला घाबरून काकू निघाल्या आणि काका वाचले. तेव्हापासून मी नर्स आहे यावर कोणाला शंका उरली नाही.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर घरी आले ती ठरवूनच. सीरियलचं वर्ष संपत होतं, कंपनी आणखी एक वर्ष मागत होती, आणि मला परत येऊन पुण्या-मुंबईत नाटक करायचं होतं. त्यासाठी इथं एकदा खरं सांगणं भाग होतं. घरी पोचले तर स्थळ तयार. देऊळगाव राजा इथला डॉक्टर, स्वतःचं हॉस्पिटल, आणि त्यांना फॉरेनचा अनुभव असलेली नर्सच सून पाहिजे होती. पाहुणे रविवारी येणार होते.

शनिवारी रंगनाथकाका आले. 'जय भीम' झाला, चहा झाला, आणि मम्मीने नवीन आणलेलं बीपीचं मशीन माझ्यापुढे ठेवलं. ती आत गेल्यावर मी पट्टा बांधता बांधता म्हणाले, "काका, मी नर्स नाही. ॲक्टिंग करते."

"ठाव हाय मले," काका म्हणाले. "नातवानं दाखोलं मोबाइलवर. त्या गोऱ्या डॉक्टरच्या थोबाडीत देली तुनं. खरी नर्स देईन काय वं?"

मला हसू आलं. "मग काकूंना का नाही सांगितलं?"

"काऊन सांगू? ती साऱ्या गावाले सांगते, पोरीनं लंडनातून वाचोलं म्हून." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या पाहुण्यायसमोर तोंड उघडू नको, माय. तुह्या मम्मीचं नाक कापलं जाईन."

रविवारी डॉक्टरच्या वडलांनी विचारलं, "कोणत्या वॉर्डात असता?" मी पप्पांकडे पाहिलं. ते बिस्किटांची प्लेट सरळ करत होते. मम्मी दारात उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, विंगेतून वाक्य पुरवावं तसे. मी म्हणाले, "इमर्जन्सी." पुढची वाक्यं आपोआप आली. शिफ्ट, नाइट ड्युटी, पेशंटचे नातेवाईक. सुटायचं म्हणून शेवटी म्हणाले, हॉस्पिटलचा करार आहे, आणखी एक वर्ष येता येणार नाही.

पाहुणे म्हणाले, आम्ही थांबतो.

मी परत गेले आणि कंपनीला हो म्हणाले. लंडनमध्ये लोक विचारतात, घरची आठवण येते का? येते. मी खरं काय करते हे जिच्याशी उघड बोलता यायचं ती मम्मी तिथं होती, म्हणून ते घर होतं. पूर्वी जवळ कोणी बसलेलं असलं तरच ती फोनवर विचारायची, "ड्युटी कशी झाली?" आता पप्पा बाजारात गेलेले असतात, घरात ती एकटी असते, तरी तेच विचारते. मी सांगते, बरी झाली, आज पेशंट जास्त होते.