नोराबाईंचा शनिवार

स्वतःची फजिती सांगण्याची मला सवय नाही. परंतु ही सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

मी निवृत्त शिक्षक. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दर गुरुवारी प्रवचन करतो. आमच्या एकुलत्या एका मुलीचे, मृणालचे, लग्न एका आयरिश मुलाशी ठरले. त्याला मे महिन्यात एकाच आठवड्याची रजा होती आणि त्या आठवड्यात मंगल कार्यालय फक्त शनिवारी रिकामे होते. मी शनिवार पक्का केला.

"बाबा, त्याच्या आई घाबरल्यात," मृणाल म्हणाली. "त्यांच्या गावात शनिवारचं लग्न लाभत नाही म्हणतात. त्यातून मे महिना. बुधवार चालेल का, विचारतायत."

"फोन लाव त्यांना."

व्हिडिओ कॉलवर मी बोललो, मृणालने भाषांतर केले. "नोराबाई, सगळे दिवस ईश्वराचे. त्यातल्या एखाद्याला अशुभ म्हणणे म्हणजे ईश्वरालाच नावे ठेवणे."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी शनिवार मान्य केला, विमानाची तिकिटे काढली आणि माझे वाक्य त्यांच्या चर्चमध्ये वाचूनही दाखवले.

मी समाधानाने भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करायला गेलो. त्या शनिवारच्या चौकटीत आधीच एक काळा ठिपका होता. अमावास्या.

ऐन लग्नसराईत कार्यालय रिकामे कसे, हा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसाला पडू नये?

"मृणाल, आपण दुसरा दिवस पाहू या."

"का? शनिवारी ईश्वर रजेवर आहे?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सर बोलतात तसं वागतात. पहिल्यांदाच म्हणतील."

मी शनिवार कायम ठेवला. परंतु लेकीच्या संसाराचा प्रश्न होता. मनातली भीती काही गप्प बसेना.

लग्न अमावास्येलाच लागले. अक्षता पडल्या आणि नोराबाईंनी आनंदाने मला मिठी मारली. त्यासरशी माझ्या खिशातून बिब्बा टोचलेले लिंबू निसटले आणि घरंगळत नवरीच्या पायाशी जाऊन थांबले. पहिल्या रांगेत माझे गुरुवारचे सगळे श्रोते बसले होते.

नोराबाईंनी लिंबाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनी आपली पर्स किंचित उघडून मला दाखवली. आत घोड्याची नाल होती.

मृणालने लिंबू उचलून माझ्या हातात ठेवले. "बाबा, येत्या गुरुवारी विषय काय आहे?"

त्या गुरुवारपासून आमच्या सोसायटीत फक्त भजन असते.