झरीच्या कुडातला कोनाडा

ती घटना आजही आठवली की संताप येतो, आणि त्यातून मी स्वतःलाही वगळत नाही.

तलासरी भागात मी नवा फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि त्याचा मला तोरा होता. झरीजवळच्या एका पाड्यावर खून झाला. मयत गवत कापणारा मजूर. प्रेताशेजारी रक्ताळलेला कोयता. चिंचणीहून सुकी मासळी विकायला येणाऱ्या बाईने खबर दिली, "साहेब, बाजारात त्याचं नि शेजाऱ्याचं कुरणावरनं जोरात वाजलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं."

शेजाऱ्याला आणला. तीन दिवस 'विचारपूस' झाली. कागदावरचा शब्द तो, प्रत्यक्षात मार. तो एवढंच म्हणे, "भांडलो. मारला नाय."

मोठे फौजदार कंटाळले. मला म्हणाले, "लिही. आरोपीने घरातल्या भिंतीच्या कोनाड्यातून हा कोयता काढून दिला." पंच चिखल्याचे दोघे, स्टेशनात रोज चहाला येणारे. झरीचा रस्ताही न पाहता त्यांनी अंगठे उठवले. माणूस दोषीच आहे, सगळीकडे असंच चालतं, अशी समजूत घालून मी लिहिलं.

सेशन कोर्टाने फाशी दिली. सरकारने दिलेला वकील आरोपीला एकदाच भेटला होता, तोही कोर्टाच्या व्हरांड्यात.

फाशीला हायकोर्टाची मंजुरी लागते. ती सुनावणी बाकी असताना तुरुंगातून आलेलं भेटीच्या परवानगीचं पत्र द्यायला मी आरोपीच्या झोपडीत गेलो. भिंती म्हणजे कारवीच्या काड्यांचा कूड, वर शेणाचा लेप. नजर आपोआप कोनाडा शोधू लागली. शेवटी विचारलंच.

त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. "कुडाला कोनाडा कुठला, साहेब? बोट खुपसा, बाहेर निघंल."

"मग तो कोयता कुठे ठेवायचा?"

तिने छपरात खोचलेला कोयता काढून माझ्यापुढे धरला. "ह्यो काय. घरात एवढाच हाय."

मी तडक मोठ्या फौजदारांकडे गेलो. ते हसले. "हायकोर्ट काय झरीला येणार आहे का? बी. ए. झालास म्हणून कायदा मला शिकवतोस?"

"साहेब, माणूस फासावर जाईल."

"जाऊ दे. एक कमी."

त्या चार शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी सरकारी वकिलांना लेखी कळवलं. हायकोर्टाने जादा पुरावा मागवला आणि मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं.

"पंचनामा कुठे लिहिला?"

"पोलीस स्टेशनात, साहेब. मीच लिहिला."

"आणि कोयता?"

"प्रेताजवळ सापडला होता."

"तो कोणाचा, याचा तपास केला?"

"नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तसं मला आयुष्यात कोणी पाहिलेलं नाही. फाशी नामंजूर झाली, आरोपी सुटला. माझी बढती अडली. त्याची तक्रार मी कधी केली नाही.

पंधरा दिवसांनी मयताची बायको स्टेशनात आली. खाली बसली नाही.

"त्यानं मारला नाय, तर मंग माझ्या माणसाला कोणी मारला?"

तोवर वर्ष उलटून गेलं होतं. माग थंड झाला होता, साक्षीदार पांगले होते. खोट्या पंचनाम्याने निरपराध माणूस मरू शकतो हे मला आरोपीच्या झोपडीत कळलं. तोच पंचनामा खऱ्या खुन्याला मोकाट सोडतो, हे त्या बाईने शिकवलं. मी तिला म्हटलं, "बाई, आम्ही शोधलाच नाही."

ती म्हणाली, "मंग आता शोध."

तो खुनी मला अखेरपर्यंत सापडला नाही.