अक्का आणि कुंपणातला खरवत

डॉक्टरांनी अक्काला रत्नागिरी सोडायला सांगितलं, तो सोमवार होता. "आंब्याच्या मोहोराचा दमा आहे. इथे राहून मोहोर कसा टाळणार? घाटावर जा," ते म्हणाले.

अक्का माझी थोरली बहीण. ऐंशीच्या दशकात ती इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. लग्न आम्ही दोघांनीही केलं नव्हतं. मी तिच्यासाठी पुण्यात खोली बघायचं बोलू लागलो.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "मोहोराचा पराग चिकट. तो माश्यांच्या पायांना लागून जातो, माझ्या नाकाशी त्याचं काय काम? वाऱ्यावर उडणारा शोधायला हवा. तसल्या फुलांना रंग नसतो नि वासही नसतो, म्हणून कोणी संशय घेत नाही."

नाकाला पदर बांधून ती हिंडू लागली. मागे मी. काळी छत्री उलटी उघडून ती फांदीखाली धरायची आणि फांदी हलवायची. कापडावर पिवळी धूळ पडली, की कूळ शोधायचं. लहानपणी तुतीखाली तिला असाच दम लागायचा, म्हणून तुतीच्या, चीक येणाऱ्या कुळातलंच झाड ती शोधत होती. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या काडीला पेरं होती. ते कूळच निराळं. वावळाच्या झाडाचा देठ मोडला तरी चीक आला नाही, तेही वेगळं.

"चेहरा बघू नकोस रे, घराणं विचार," ती मला दरडावायची.

"लग्न जमवतेस की झाडं ओळखतेस?"

"लग्नात खोटं सांगतात. झाडं सांगत नाहीत."

शेवटी आमच्याच कुंपणात, तिच्या खिडकीला लागून, खरवत सापडला. सुतार त्याची खरखरीत पानं लाकूड घासायला न्यायचे. सकाळचं ऊन लागताच त्याच्या हिरवट फुलांतून परागाचा बारीक धूर उडाला. देठातून पांढरा चीक आला. "वड-फणसाचं कूळ," अक्का म्हणाली, आणि खोकत खाली बसली.

हे ऐकून डॉक्टर हसले. अक्काने वाद घातला नाही. ती मैत्रिणीच्या आंब्याच्या बागेत राहायला गेली आणि ऐन मोहोरात झाडाखाली खाट टाकून निजली. आठवड्याने परतली ती चढण चढून, बोलत बोलत. दम लागला नव्हता.

विद्यार्थ्यांनी उगाच डहाळी मोडली तर ती रागवायची. कुऱ्हाड मात्र तिनेच माझ्या हातात दिली. मी घुटमळलो.

"दोघांपैकी एकाला जायचंय ना? मग त्याने जावं. मला अजून शिकवायचंय."

मी खरवत तोडला, आणि निवृत्त होईपर्यंत ती इथेच शिकवत राहिली. गेल्या वर्षी हृदयविकाराने गेली, याच घरात. आता घरात मी एकटा असतो.