चेहऱ्यांचं मतदान

कात्रीताईकडे मी वीस वर्षं केस कापून घेतेय. या वीस वर्षांत माझे केस निम्मे झाले आणि तिचं बोलणं दुप्पट. तिचं पार्लर औषधाच्या दुकानावर आहे, बारा पायऱ्या चढून. आत दोन खुर्च्या. एक वर-खाली होते, दुसरी नुसतीच खाली होते. समोर भिंतभर आरसा. त्याच्या डाव्या कोपऱ्यातला पारा उडालाय आणि तिथे हुबेहूब बदकासारखा काळा डाग पडलाय. नवीन आरसा घे म्हटलं की ती म्हणते, "बदकाने काय घोडं मारलंय तुमचं?"

धंदा तिला आत्याने शिकवला. सतराव्या वर्षी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, तेव्हापासून हे नाव चिकटलं. नवरा फ्रीज दुरुस्त करतो. तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असेल, त्यातली चार फ्रीजशी. त्याचा वाटा ताई भरून काढते. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची सून रुसली, कुणाच्या दाताला कीड लागली, सगळं केसांबरोबर विंचरलं जातं. गिऱ्हाइकाचं डोकं हातात असल्यावर ते पळणार कुठे?

गेल्या काही वर्षांत शाळकरी मुली फोन घेऊन यायला लागल्या. एकीने फोटो पुढे केला आणि म्हणाली, "ताई, मला अस्सं करून द्या."

फोटोतलं नाक सुरीने तासल्यासारखं, कातडी सोललेल्या अंड्यासारखी.

"ही कोण गं?"

"मीच आहे."

"मग झालं की! तू तर आहेसच, मी वेगळं काय करू?"

आम्ही हसलो, मुलगी हसली नाही. तेव्हा आम्हाला ते कळायला हवं होतं.

मग ती दुपार आली. मी खाली-खाली जाणाऱ्या खुर्चीत डोक्याला कलप थापून बसले होते. शिवणवाल्या काकूंची नववीतली मुलगी आली. हिचे पहिले केस ताईनेच कापले होते, खुर्चीच्या हातांवर फळी टाकून, तिला वर बसवून. ती मुकाट्याने बसली आणि म्हणाली, "पुढचे केस कापा. डोळ्यांपर्यंत."

"या उकाड्यात? घामाने चिकटतील गं. छान मोकळं कपाळ आहे तुझं."

एवढ्यावर मुलीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. ताईने कात्री खाली ठेवली.

"काय झालं बाळा?"

मुलीने फोन काढून दिला. तिच्या शाळेतल्या मुलींचं एक पेज होतं. चालवणाऱ्याचं नाव नाही. रोज दोन मुलींचे फोटो शेजारी शेजारी टाकायचे आणि खाली विचारायचं, कोणाचं कपाळ विमानतळ? कोणाचे दात फावडं? मग शाळाभरातून मतं पडायची. आजवर चाळीस मुली झाल्या होत्या. हिच्या कपाळाला चारशे बारा मतं पडली होती. तीन दिवस ती पोटदुखीच्या नावाखाली घरी बसली होती.

"कोण मेलं हे करतंय?" म्हणत ताईने फोटो मोठा केला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मी मान लांब करून पाहिलं. मुलीच्या खांद्यामागे, फोटोच्या कडेला, काळं बदक होतं.

फोटो इथलाच होता. या आरशासमोर बसून मुलींचे फोटो कोण काढतं हे ताईला माहीत होतं आणि मलाही. तिची अकरावीतली लेक रविवारी मदतीला येते, "केस किती छान झालेत बघ" म्हणत फोटो काढते. मुलीच्या हे लक्षात आलं नव्हतं. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी कलपाच्या डबीकडे.

"हे बघ," ताई मुलीला म्हणाली, "रडत रडत सांगितलेले केस मी कापत नाही. आठ दिवसांनी ये. तरी हवंच असेल तर कापते. आता आईकडे चल. पोट दुखत नाहीये, हे आपण दोघी मिळून सांगू."

आणि ती खरंच तिच्याबरोबर पायऱ्या उतरून गेली. माझा कलप वीस मिनिटांचा तासभर राहिला. पुढचे पंधरा दिवस माझं डोकं बुटाच्या पॉलिशसारखं चमकत होतं, शेजारणीने मला माझीच धाकटी बहीण समजून चहाला बोलावलं. पण त्या दिवशी तक्रार करायची माझी छाती झाली नाही.

घरी काय झालं ते ताईने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही लेकीला विचारून. लेक क्लासहून आली तेव्हा आई-बाप दोघं स्वयंपाकघरात बसले होते. ताईने आडपडदा न ठेवता विचारलं, "ते पेज तुझं?"

लेकीने आधी कानांवर हात ठेवले, मग बदक दाखवल्यावर रडायला लागली. इथे बापाने त्या दिवसाचं सगळ्यात मोठं वाक्य टाकलं. "आधी ते बंद कर, मग रड."

पेज बंद झालं. मग ताईने विचारलं, "का केलंस?"

लेक म्हणाली, "गेल्या वर्षी असंच एक पेज होतं. त्यात माझ्या नाकाला मतं घेतली होती. मला वाटलं, पेज माझ्याच हातात असलं तर माझा फोटो तरी कोणी टाकणार नाही. मग लोक रोज बघायला लागले, वाट बघायला लागले. मजा वाटायला लागली."

"अगं, तुझ्यावर एवढं झालं आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला? तू सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं असतंस."

ताई मला म्हणाली, "माझ्या हाताने लोकांचे कान कापले गेले, पण असं कोणी माझं नाक कापलं नव्हतं. आणि पोरगी खोटं बोलत नव्हती हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पार्लरला कुलूप लावलं आणि लेकीला घेऊन थेट शाळेत गेली, हेडबाईंकडे. लेक अकरावीला दुसरीकडे गेली असली तरी शाळा तिची जुनीच. कोणी शोधायच्या आत आपणच सांगायचं, असं ठरलं होतं. हेडबाई भडकल्या. सगळ्या शाळेसमोर हिला उभं करते म्हणाल्या, मतं देणाऱ्या सगळ्या मुलांना कळू दे.

ताई म्हणाली, "बाई, तिची चूक मोठी आहे, शिक्षा व्हायलाच हवी. पण चाळीस चेहऱ्यांचं मतदान बंद करून आपण एकेचाळिसाव्याचं सुरू करायचं का? पोरं खिशातून फोन काढतील आणि संध्याकाळी ही सगळ्या गावाच्या हातात असेल."

शेवटी ठरलं ते याहून अवघड होतं. चाळीस मुली, चाळीस घरं. लेकीने प्रत्येक घरी जायचं, मुलीसमोर आणि तिच्या आईवडिलांसमोर सांगायचं की हे मी केलं. ताईने सोबत जायचं, पण दाराबाहेर थांबायचं, तोंडातून चकार शब्द न काढता. हे कलम हेडबाईंनी मुद्दाम घातलं असावं. त्या ताईकडेच केस कापून घेतात.

तीन आठवडे रोज संध्याकाळी दोन-तीन घरं चालली होती. एका घरात मुलीने ऐकून घेतलं आणि पाणी दिलं. एकीने पाणी थेट लेकीच्या तोंडावर फेकलं. एका आईने दार असं आपटलं की बाहेर ताईच्या कानठळ्या बसल्या. त्या आईने पार्लरच बदललं आणि सोबत आपल्या दोन जावाही नेल्या. शिवणवाल्या काकूंच्या घरी लेक सगळ्यात आधी गेली होती. काकूंनी शिवणयंत्र थांबवलं, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझी पोर तीन दिवस जेवली नाही, हे लक्षात ठेव." मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही.

सतराव्या की अठराव्या घरी मात्र भलतंच झालं. मुलगी म्हणाली, "सॉरी ठीक आहे, पण माझ्या फोटोचे स्क्रीनशॉट अजून फिरतायत. ते कसे काढायचे?" लेकीला ते येत होतं. कुठे रिपोर्ट करायचं, कोणाला ब्लॉक करायचं, अकाउंट अनोळखी लोकांपासून बंद कसं करायचं. ती तिथेच फोन घेऊन बसली. बाहेर ताईला उभं राहून मुंग्या आल्या, शेवटी ती पायरीवर बसली. दीड तासाने मुलीची आई बाहेर येऊन म्हणाली, "अहो, आत या, मला पण दाखवतेय ती." पुढच्या बहुतेक घरांत हेच झालं. माफी पाच मिनिटं, फोन एक तास.

महिन्याभराने हेडबाईंनी ताईला नववी-दहावीच्या वर्गात बोलावलं. भाषण नको, हाताने काहीतरी करून दाखव म्हणाल्या. ताई पार्लरमधले दोन दिवे उचलून लेकीला सोबत घेऊन गेली आणि हेडबाईंनाच खुर्चीत बसवलं. दिवा डोक्यावर धरून फोटो काढला, हेडबाई ऐंशीच्या झाल्या. समोर धरला, पन्नाशीच्या झाल्या. मग लेकीने प्रोजेक्टरला जोडलेल्या फोनवर एक फिल्टर लावला आणि भिंतीवर एकोणीस वर्षांची, हरणाच्या डोळ्यांची हेडबाई उमटली. वर्ग खिदळायला लागला. हेडबाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "दिसते बरी. पण हिला गणित येत असेल असं वाटत नाही."

मग मुलं एकेक करून दिव्याखाली बसायला आली. ज्या नाकांवर मतं पडली होती, ती नाकं दिवा हलला की बदलत होती. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. तिने ताईला हळूच सांगितलं की कोणी अनोळखी 'दादा' रोज मेसेज करतो, फोटो पाठव म्हणतो, नाही दिला तर आपलं बोलणं तुझ्या घरी सांगेन म्हणतो. ताईचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. "तू काही चुकलेली नाहीस. त्याला उत्तर देऊ नकोस आणि काही पुसूही नकोस. आत्ता आपण बाईंकडे जाऊ, मग तुझ्या आईला बोलवू." पुढे पोलिसांत गेलं ते प्रकरण. पुढचं मला माहीत नाही, कारण ताईने मला सांगितलं नाही. मी दोनदा खोदून विचारलं, तिने दोन्ही वेळा माझी मान पुढे वाकवून यंत्र चालू केलं.

शिवणवाल्या काकूंची मुलगी आता येते. आठ दिवसांनी नाही, दोन महिन्यांनी आली आणि नुसती टोकं कापून घेतली. पण रविवारी येत नाही, कारण रविवारी लेक असते. लेकीने दोनदा चिठ्ठी पाठवली, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "एकदा समोरासमोर बसव की दोघींना." ताई म्हणाली, "नको. माफ करायचं की नाही, हा तिचा हक्क आहे. तिथे मी कात्री घालणार नाही."

परवा दुसऱ्या एका शाळेचं बोलावणं आलं. या वेळी बोलणार लेक, ताई फक्त दिवे धरणार. लेक चार दिवस आधीच घाबरलेली. माझे केस झाडता झाडता तिने आईला विचारलं, "आणि कोणी विचारलं की तुला हे सगळं कसं माहीत, तर?"

"तर खरं सांग," ताई म्हणाली. "आणि थोडक्यात सांग. लांबवलंस की पोरं जांभया देतात."