विमानाची खिट्टी

आमचे हे, जैनुद्दीन, शारजाला विमानांच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचे. दुसऱ्या बायकांचे नवरे नोकरी सोडून येताना फ्रिज आणतात, सोनं आणतात. ह्यांनी खोक्यांत भरून विमान आणलं. दोन माणसं बसतील एवढं, तेही सुटं. चौलला आमच्या वाडीतल्या शेडमध्ये ते जोडत बसायचे. शेजारणी विचारायच्या, "सफुरा, तुझं विमान उडतं कधी?" मी म्हणायची, "आधी घराची कौलं परतून होऊ देत, बाई."

चेष्टा सोडा, माणूस कामाला चोख. पत्रे जोडणारा एक रिव्हेट वाकडा गेला तर जेवण गोड लागायचं नाही. म्हणूनच त्या दिवशी माझं डोकं सणकलं.

उडवायचा परवाना अजून यायचा होता. तोवर खाडीकाठच्या मोकळ्या जागेत हे ते विमान जमिनीवरच पळवून बघायचे. त्या दिवशी वेग घेतला आणि डोक्यावरचं काचेचं झाकण फाडकन वर उडालं. हे दचकले, विमान गर्रकन फिरलं आणि पंख बांधाला घासला. ह्यांच्या कपाळावर टाके पडले. शेजारचा रत्नपाल, एसटी डेपोतला वायरमन, झाकण तपासून म्हणाला, "भाभी, खिट्टी धड हाय. लावलीच न्हाय."

घरी आल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. "रिव्हेट न् रिव्हेट तपासता आणि खिट्टी विसरता? मला उघड्यावर टाकायचंय का?"

हे म्हणाले, "विसरलो नाही गं. हात जात नाही."

कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे समुद्रात होडीच्या केबिनला आतून कडी घालत नाहीत. होडी उलटली तर बाहेर पडता यायला हवं. ह्यांचा धाकटा भाऊ हारिस एकदा दार वाऱ्यानं आपटतंय म्हणून कडी घालून झोपला. होडी कलंडली. बाहेरून थापा मारून, दार फोडून त्याला काढलं ते ह्यांनीच, पण फार उशीर झाला होता. तेव्हापासून हे न्हाणीघराचीही कडी लावत नाहीत. आत हे असतील म्हणून मीच खोकून पुढे जाते.

पण विमान म्हणजे न्हाणीघर नव्हे. मी रत्नपालला सांगितलं, "खिट्टी लागेपर्यंत बोंबलत राहील असं काहीतरी बसव." त्यानं छोटासा स्विच आणला, लाल दिवा आणला, बझर आणला. आधी झाकणाच्या कडेला स्विच बसवला, तर झाकण नुसतं टेकलं तरी बझर गप्प. रत्नपालनंच तो काढला. "टेकलं म्हंजे लागलं असं न्हाय." मग ह्यांनी पत्र्याची पट्टी कापून स्विच अशा जागी बसवला, की खिट्टी पूर्ण आत गेली तरच तिचं टोक बटण दाबेल. काम बघत राहावं असं. टॉर्च मी धरला होता.

जुम्म्याची नमाज झाल्यावर विमान बाहेर काढलं. हे आत बसले, झाकण ओढलं. बझर किरकिरत राहिला, मग थांबला. माझा जीव भांड्यात पडला. शुक्र अल्लाचा म्हणत मी जवळ गेले, तर आत खिट्टी तशीच उघडी. ह्यांनी बटणावर अंगठा दाबून धरला होता. घामानं कॉलर भिजली होती.

शिव्या राहू दिल्या. मी काचेवर टकटक केलं. झाकण वर झालं.

"सरका. मी बसते."

"तू घाबरशील."

"तुमच्यापेक्षा कमीच."

शेजारी बसून मी झाकण ओढलं आणि खिट्टी स्वतः आत सारली. दिवा विझला, बझर गप्प झाला. बाहेर रत्नपाल काहीतरी बोलत होता, ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता. काचेवर आमच्या श्वासांची वाफ धरली. तेवढ्यात त्यानं खूश होऊन वरून झाकणावर थापा मारल्या. हारिसनंही आतून अशाच ऐकल्या असतील.

बझर पुन्हा किरकिरायला लागला. मी चिडून ह्यांच्याकडे वळले. ह्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. खिट्टी माझ्याच हातानं मागे सरकली होती.